गोथिया कप, गोथेनबर्ग: मुलांच्या संघाबरोबर जाऊन आलेल्या एका आईचा अभिप्राय

क्लबच्या ग्रुपवर 'यंदा जुलैत संघ स्वीडनला न्यायचा विचार आहे' असा निरोप पडला की पालकांत लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, एवढ्या पैशात पोराचं कॉलेज होईल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तिथे कुणा स्काउटच्या, म्हणजे क्लबसाठी नवे खेळाडू हेरणाऱ्या माणसाच्या, नजरेत भरला तर आयुष्याचं सोनं होईल. मी आमच्या चिंचवडच्या फुटबॉल क्लबच्या चौदा वर्षांखालच्या मुलांबरोबर व्यवस्थापक म्हणून जाऊन आले. मुलांचे पासपोर्ट, औषधं, धुणं, जेवण, रुसवेफुगवे सगळं माझ्याकडे होतं. दोन्ही बाजू मला पटत नाहीत. स्पर्धा फार चांगली आहे आणि पैसे वसूल होतात, पण ते कशाने वसूल होतात हे पैसे भरायच्या आधी समजून घ्यायला हवं. म्हणून सविस्तर लिहिते.

गोथिया कप ही मुलामुलींची फुटबॉल स्पर्धा 1975 पासून स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात जुलैत भरते. ती भरवतो बी. के. हॅकन हा तिथलाच क्लब, ज्याने 2022 मध्ये स्वीडनची लीग पहिल्यांदा जिंकली. दीड हजाराहून जास्त संघ येतात, सत्तरच्या आसपास देशांतून, मुलगे आणि मुली दोन्ही, साधारण अकरा ते एकोणीस वयाचे. पुढे जगभर नावाजलेले पिर्लो, झ्लाटन इब्राहिमोविच, झाबी अलोन्सो लहानपणी इथे खेळून गेलेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंची स्पर्धाही याच आठवड्यात असते, आणि ती कुठेतरी कोपऱ्यात उरकलेली नसते.

चिंचवडकरांना यातलं एक नाव घरचं वाटेल. स्पर्धेची मुख्य प्रायोजक एस.के.एफ. ही बॉल बेअरिंगची कंपनी 1907 मध्ये गोथेनबर्गलाच सुरू झाली. आमच्या सोसायटीत तिच्या चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. मुलं निघाली त्या रात्री ते खाली उतरून आले आणि एकेकाला जवळ घेऊन म्हणाले, "आयुष्यभर ज्यांच्या शिक्क्याचा माल काढला त्यांचं गाव बघून या रे." मुलांना त्याचं काय कळलं माहीत नाही, पण तिथे मैदानाच्या कडेच्या फलकांवर ती तीन अक्षरं दिसली की एकजण हटकून ओरडायचा, "काकू, काकांची कंपनी!"

आता स्काउटचं बोलते, कारण यावरून पालकांना फसवलं जातं आणि मला त्याचा मनापासून संताप आहे. 'युरोपियन क्लबचे लोक बघायला येतात, निवड होऊ शकते' असं सांगून संघ जमवणारे मी पाहिले आहेत. फिफा म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, तिच्या खेळाडूंच्या क्लब-बदलाच्या नियमावलीत कलम 19 आहे. त्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात नोंदवता येत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, किंवा खेळाडू युरोपीय संघातल्याच देशांत सोळा ते अठरा वयात क्लब बदलतोय, किंवा घर सीमेला लागून आहे, अशा तऱ्हेचे. भारतीय पासपोर्टवर आठवडाभरासाठी गेलेला चौदा वर्षांचा मुलगा यातल्या कशातही बसत नाही. हा नियम कागदावरचा नाही. याच नियमाच्या भंगासाठी 2014 मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबला दोन ट्रान्सफर विंडोंची, म्हणजे खेळाडू घ्यायच्या दोन मुदतींची, खरेदीबंदी झाली होती. तेव्हा कुणी तुमच्यासमोर 'निवड' हा शब्द काढला तर त्याला कलम 19 विचारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा.

वर जायची वाट आपल्याकडच्या मैदानांतूनच जाते. माझं माहेर कोल्हापूरचं, शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत मी मोठी झाले. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तयार होऊन. भारतीय संघ गोथियाला जाऊन काही करू शकत नाहीत असंही नाही. मोहालीच्या मिनर्व्हा अकादमीने 2023 मध्ये तेरा वर्षांखालचा आणि 2025 मध्ये चौदा वर्षांखालचा गट जिंकला. पण ती मुलं अकादमीतच राहून रोज फुटबॉल खेळतात. आपली पोरं शाळा आणि ट्यूशन सांभाळून संध्याकाळी दीड तास मैदानावर येतात. त्यांनी तिथून करंडक आणावा अशी अपेक्षा धरून पैसे भरू नयेत.

मग मिळतं काय? मला सगळ्यात जास्त आवडली ती स्पर्धेची आखणी. आपल्याकडच्या लहान मुलांच्या स्पर्धा आठवून बघा. सकाळी सहाला टेम्पो करून निघायचं, नऊचा सामना अकराला सुरू होणार, अर्ध्या तासात एक गोल खाऊन बाहेर, आणि दुपारी बारा वाजता पोरं बूट हातात घेऊन घरी. गोथियात आधी गटातले सामने होतात. गटातले पहिले दोन संघ 'ए' बाद फेरीत जातात आणि उरलेले 'बी' बाद फेरीत. म्हणजे गटात सगळं हरलात तरी तुमचा बाद फेरीचा सामना ठरलेला असतो, आणि 'बी'चीसुद्धा शेवटपर्यंत फेरी चालते, तिचाही विजेता असतो. कुणाही मुलाला मधेच सामान बांधायला लावत नाहीत.

आमचा पहिला सामना एका स्वीडिश क्लबशी होता. त्यांची मुलं आमच्यापेक्षा हातभर उंच, पण खरा फरक उंचीचा नव्हता. त्यांच्यातला कुणीही चेंडू पायाशी धरून ठेवत नव्हता. पास दिला की मुलगा लगेच दुसऱ्या जागी. आमच्या पोरांना चेंडू मिळाला की चार जणांना चकवायची हौस. पूर्वार्धातच तीन गोल झाले आणि शेवटी पाच. दुसऱ्या सामन्यातही हरलो, पण एकाच गोलाने. तिसऱ्यात बरोबरी केली, आणि तोवर आमचा मधल्या फळीतला मुलगा चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघायला लागला होता. आमचे प्रशिक्षक सर ही गोष्ट त्याला इथे दोन मोसम ओरडून सांगत होते. तिथे दुसऱ्यांना करताना डोळ्यांनी पाहिलं आणि तीन सामन्यांत अंगात आली. मला विचाराल तर वसुली ही.

'बी' फेरीत आमच्यासमोर नॉर्वेच्या एका छोट्या गावाचा संघ आला. आमचा गोलकीपर थेरगावचा आहे, वडील छोटा टेम्पो चालवतात. पहिल्या सामन्यातले पाच गोल त्याने मनाला इतके लावून घेतले होते की दोन दिवस तो नीट जेवला नव्हता. मी त्याला ताट घेऊन समजावत होते, पण त्याला माझ्या शब्दांची गरज नव्हती, सामन्याची होती. आणि तो सामना त्याला मिळाला. बरोबरी झाली, पेनल्टी आल्या, त्याने दोन अडवल्या. दुसरी अडवल्यावर तो उठलाच नाही, तिथेच पालथा पडून राहिला आणि अख्खा संघ त्याच्यावर जाऊन पडला. नॉर्वेच्या मुलांच्या आया शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बोटाने विचारलं, तुझा मुलगा का? मी मान हलवून हो म्हटलं. त्या आठवड्यात सगळेच माझे होते. पुढच्या फेरीत आम्ही हरलो, आणि तिथपर्यंत पोहोचल्याचं समाधान मुलांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

तयारीचं एक सांगते, कारण त्याने खरं नुकसान होतं. तिथले बरेच सामने टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, होतात. शहराच्या मधोमध हेडन म्हणून मोठं मोकळं मैदान आहे, तिथे एकाला लागून एक टर्फच टर्फ. आपल्याकडे जून-जुलैत मुलं चिखलात खेळतात, लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले, बूट घालतात. तेच बूट टर्फवर घातले की पाय अडकतो आणि घोट्याला, गुडघ्याला झटका बसतो. आमच्या एका बचावपटूचा घोटा पहिल्याच दिवशी सुजला. टर्फचे आखूड, जास्त स्टड असलेले बूट आधीच घ्या आणि निघायच्या महिनाभर आधीपासून पायात घालून रुळवा. तिथे जाऊन नवे बूट घातले तर टाचेला फोड येतात, आणि इतके सामने ओळीने असताना फोड भरायला वेळच मिळत नाही. चेंडू टर्फवर सरपटत वेगाने येतो, त्याचीही सवय हवी. पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याने मिळणारे टर्फ आता गल्लोगल्ली आहेत. क्लबने आठवड्यातून दोनदा तरी तिथे सराव घ्यावा. छोट्या टर्फवर खेळ वेगळा होतो हे खरं, पण पायाला सवय लागते.

राहायची सोय शाळांमध्ये असते. सुट्ट्या असल्यामुळे शहरातल्या शाळा रिकाम्या होतात आणि एकेक वर्ग एकेका संघाला मिळतो. हॉटेलचंही पॅकेज घेता येतं, पण मी शाळेलाच कौल देईन. शेजारच्या वर्गात ब्राझीलची मुलं, समोर आफ्रिकेतला संघ, मधल्या पॅसेजमध्ये संध्याकाळी मोजे गुंडाळून केलेल्या चेंडूने सामना. हॉटेलच्या खोलीत हे कुठून मिळणार? गादी पॅकेजमध्ये आहे की आपण न्यायची, हे मात्र लेखी विचारून घ्या. अंथरूण-पांघरूण न्याच, रात्री गारठा असतो.

त्रास झाला तो उजेडाचा. जुलैत तिथे रात्री दहाला सूर्य मावळतो आणि पहाटे पाचच्या आत पुन्हा ऊन. आमच्या वर्गाच्या खिडक्यांना जाड पडदे नव्हते. आपल्या मुलांची शरीरं भारतीय वेळेवर, त्यामुळे पहिल्या दोन रात्री कुणी धड झोपलं नाही आणि त्यानंतर लगेच सामने. डोळ्यांवर बांधायची पट्टी प्रत्येकाच्या बॅगेत टाका, आणि जमलं तर स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोहोचा. आयोजकांनी निदान लांबून येणाऱ्या संघांना तरी पडद्यांचे वर्ग द्यावेत असं मला फार वाटतं.

जेवण शाळेच्या कॅन्टीनमध्ये. बटाटे, पास्ता, मांसाचे गोळे, सॅलड, कडक पापडासारखी भाकरी, दूध. शाकाहारी पदार्थ असतात, त्यामुळे कुणी उपाशी राहत नाही, पण कांदा-लसूण न खाणाऱ्यांची अडचण होते. तिखटाची आठवण तिसऱ्या दिवशी येते. मी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, खाकरे असं नेलं होतं, ते सोन्यासारखं पुरवून वापरलं. पेढे, बर्फी, तूप, पनीर असलं काही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. नळाचं पाणी थेट प्यायचं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. आणि रोख रक्कम नेण्यात अर्थ नाही, तिथे आइस्क्रीमवालासुद्धा कार्डच मागतो.

गळ्यात अडकवायचं स्पर्धेचं कार्ड मिळतं. त्यावर ट्राम आणि बस फुकट. मैदानं शहरभर पसरलेली आहेत. क्विबर्गसारखं ठिकाण मध्यापासून लांब पडतं, आणि एका दिवशी दोन टोकांना दोन सामने आले की धावपळ होते. पण ट्राम वेळेवर येते आणि तिच्यात चार देशांचे संघ आपापली गाणी म्हणत असतात. आमच्या मुलांनी 'गणपती बाप्पा'चा गजर केला तर पलीकडच्या मेक्सिकोच्या पोरांनी 'मोरया' उचलून धरला, दोन स्टॉप हेच चाललं होतं. लिसेबर्ग हे तिथलं मोठं करमणूक उद्यान, 1923 सालचं. मुलांना तिथे एक संध्याकाळ लागतेच, ती सामना नसलेल्या दिवसाआधी ठेवा.

उद्घाटन उल्लेवी स्टेडियमवर होतं. हे स्टेडियम 1958 च्या विश्वचषकासाठी बांधलेलं. पेलेने विश्वचषकातला आपला पहिला गोल याच मैदानावर वेल्सविरुद्ध केला, उपांत्यपूर्व फेरीत, वयाच्या सतराव्या वर्षी. सरांनी हे मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं. भरलेल्या स्टेडियममध्ये एकेका देशाचं नाव पुकारलं जातं, आणि भारताचं नाव आलं तेव्हा आमच्या पोरांनी जो आवाज काढला तो मला कोल्हापूरच्या फायनलची आठवण करून देणारा होता. चौदा वर्षांच्या मुलाला आपण या खेळाच्या मोठ्या घराण्यातले आहोत असं वाटायला लावणं, हे काम ही स्पर्धा मनापासून करते.

व्हिसाचं काम अंगावर घ्याल तर नीट माहिती काढून घ्या. आमच्या एजंटने आम्हाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवलं आणि अर्ध्या गोष्टी सांगितल्याच नाहीत. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. आमच्यातल्या एकाचे वडील मस्कतला नोकरीला, त्यांचं संमतीपत्र साक्षांकित होऊन येईपर्यंत त्या मुलाचं जाणं टांगणीला लागलं होतं. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. स्वीडनसह बऱ्याच युरोपीय देशांना एकच चालतो त्या शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आणि सहा ते अकरा वयाच्या मुलांना 45 युरो आहे. ना-नफा संस्थांच्या क्रीडा कार्यक्रमांना जाणाऱ्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या प्रतिनिधींसाठी फी माफीची तरतूद शेंगेनच्या नियमांत आहे. आपला क्लब आणि ही स्पर्धा तीत बसते का, हे अर्जाआधी लेखी विचारा. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आम्ही पूर्ण फी भरून आलो.

सगळ्यात मोठा खर्च विमानाचा. मुंबईहून गोथेनबर्गला थेट विमान नाही, मधे कुठेतरी बदलावं लागतं, आणि जुलैत तिकिटं महाग. संघाची नोंदणी फी आणि माणशी कार्डाचे पैसे त्यामानाने वाजवी वाटले, कारण त्यात जेवण, झोपणं, फिरणं सगळं येतं. पण एकूण आकडा आमच्या संघातल्या निम्म्या घरांच्या आवाक्याबाहेरचा होता. गोलकीपरचे पैसे सोसायटीने आणि गणेश मंडळाने वर्गणी काढून जमवले. असं दर वर्षी जमणार नाही. माझी ठाम तक्रार इथे आहे: ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचीच मुलं संघात, ही गोष्ट आपल्या क्लबांनी चालवून घेऊ नये. संघ आधी खेळावर निवडा, पैसे नंतर जमवा. एस.के.एफ. 'मीट द वर्ल्ड' या नावाने वेगवेगळ्या देशांत स्पर्धा घेऊन विजेत्या संघाला गोथियाला पाठवत आली आहे, भारतातही. आपल्या भागात ती झाली तर प्रत्येक क्लबने उतरावं, कारण गरीब घरच्या मुलाला जायचा तो सरळ रस्ता आहे.

वयाबद्दल माझं मत असं की तेरा-चौदाच्या आत नेऊ नये. त्याहून लहान मुलांना घरची आठवण सतावते आणि खेळातलं उचलायची समजही पुरती आलेली नसते. जुलैत आपल्या शाळा सुरू झालेल्या असतात, तेव्हा रजेचा अर्ज आणि घटक चाचणीचं मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. पंधरा मुलांमागे किमान तीन मोठी माणसं हवीत, कारण एखाद्याला दवाखान्यात न्यावं लागलं तर मागे संघ सांभाळायला सर एकटे पडतात.

हेडनवर रोज बघत होते, शेजारच्या मैदानांवर किती देशांच्या मुली खेळत होत्या, घामाने निथळलेल्या, आवाज बसलेला, आणि कडेला उभे राहून ओरडणारे त्यांचे बाप. आमच्या क्लबमधून तिथे अजून एकही मुलगी गेलेली नाही. परत आल्यावर सरांशी मी पहिली हीच गोष्ट बोलले, आणि आता शनिवार-रविवारी मुलींचा सराव सुरू झालाय. अकरा जणी पुऱ्या व्हायला अजून तिघी हव्यात, त्यातली एक गोलकीपर.